गुढीची चार भोकं

स्क्रू ड्रायव्हर फळीला टेकवला, जरासा दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड कसलं, चहात बुडवलेला पाव झाला होता तो. मी गाडीखाली उताणा पडलेलो. फळीतून दोन थेंब थेट कपाळावर आले. पाऊस थांबून आठवडा होऊन गेला होता, तरी ही बया अजून गळतच होती.

"काय अण्णा, गेली का कामातनं?" बाहेरून आबांनी विचारलं. आवाजात काळजी कमी आणि समाधान जास्त.

"बघतो की," मी म्हणालो. वाईट बातमी देण्याआधी आम्ही कारागीर हेच म्हणतो.

आधी माझं सांगतो. आम्ही सोलापूरचे विणकर. आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर. मीही जन्मभर कापडच हाताळलं, पण काचेचं. फायबरग्लास म्हणजे दुसरं काय असतं? काचेच्या धाग्याची मॅट अंथरायची, तिच्यावर मधासारखं दाट रेझिन लावायचं. रेझिनमध्ये आधी चमचाभर हार्डनर घालायचा, की ते तापतं आणि दगडासारखं होतं. असे तीन-चार थर बसले की टाकी होते, दार होतं, होडीसुद्धा होते. एमआयडीसीत माझं शेड आहे. उजनीच्या पाण्यावर माझ्या हातच्या होड्या आजही मासे धरतात, आणि एकही बुडालेली नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. न विचारता सांगतो.

त्या होड्यांमुळेच सुवर्णाचा फोन आला. धरणाच्या काठाला त्यांची केळीची बाग. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेत, सुट्टीला घरी. थंडीत उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, ते बघायला लांबून माणसं येतात, आणि राहायला जागा नसते. तेव्हा सुवर्णाने पुण्याहून एक जुनी कॅरव्हॅन घेतली. म्हणजे चाकावरची खोली: आत पलंग, छोटी शेगडी, सिंक, आणि गाडीच्या मागे जोडून ओढायची. सगळं अंग फायबरचं, आकार गोलमटोल. गावाने तिचं नाव ठेवलं सुवर्णाचं अंडं.

पहिलं वर्ष झकास गेलं. मग गळायला लागली. गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब ओली गादी बघून सामानासकट माघारी निघालं. सुवर्णा त्यांच्यामागे पार डांबरी रस्त्यापर्यंत माफी मागत गेली होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

आबा म्हणजे तिचे सासरे. त्यांचा निकाल ठरलेला होता. "प्लास्टिकचं खेळनं आनलं पोरीनं. आता ह्या टायमाला जर का गळली, तर पाण्याकडंला न्यायची आन् पावन्याच्या पान्याच्या मोटारीला केबिन करायची. शब्द दिलाय म्या त्याला."

"मामा, पाहुणे येणार आहेत हो माझे थंडीत," सुवर्णा सासऱ्यांना म्हणाली.

"येऊ दे की. मोटार बघून जात्याल."

मी ऐकत होतो आणि डोकं तापत होतं. अहो, फायबरच्या घरात पाण्याचा पंप? होडीवाल्यासमोर असलं बोलायचं असतं का?

काम सुरू करताना मी कायम एकच प्रश्न विचारतो. तिघांना समोर उभं केलं. सुवर्णा, आबा आणि तिच्या सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणते. "गाडीला कुठं काही ठोकलंय का? स्क्रू, खिळा, अँटेना? कुठं भोक पाडलंय?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"न्हाय बा," आत्या म्हणाल्या.

सुवर्णानेही नकारार्थी मान हलवली.

पाणी मागच्या बाजूला, पलंगाच्या कोपऱ्यात जमत होतं. बरोबर त्याच्यावर खिडकी. खिडकीचं रबर वाळून भेगाळलेलं. आधी कुणीतरी त्यावर बाहेरून सिलिकॉनचे डोंगर करून ठेवले होते. ते सगळं खरवडलं, नवीन रबर बसवलं, आणि बागेच्या पाइपने वरून पाणी सोडलं. मग ऐटीत चहा प्यायला बसलो. चहा संपवून दार उघडलं तर पलंगाचा कोपरा पुन्हा ओला.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आता खरी गोष्ट अशी, की फायबरच्या गाडीत पाणी जिथं दिसतं तिथूनच शिरलेलं असतं असं नाही. बाहेरचं कवच आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये बोटभर फट असते. पाणी त्या फटीतून गुपचूप उताराकडे पळतं. आणि ही गाडी उभी होती धरणाच्या उतारावर, पाठ पाण्याकडे करून. म्हणजे पाणी शिरणार कुठूनही, निघणार पलंगाखालीच. मला हे आधीच सुचायला हवं होतं, पण ते वाळकं रबर बघून मोह झाला.

"आबा, सायकलचं पंक्चर कसं शोधतात?" मी विचारलं.

"टूब पाण्यात बुडवून."

"ही बुडवता येत नाही. मग उलटं करू. हवा आत, पाणी बाहेर."

सगळ्या झडपा, सिंकचं तोंड, दाराच्या फटी टेपने बंद केल्या. छताच्या झरोक्यात माझा ब्लोअर बसवून आत हवा कोंबली. आत्यांनी कपड्याच्या पावडरचा बादलीभर फेस करून दिला. मी आणि सुवर्णा स्पंजने गाडीला आंघोळ घालायला लागलो. मागची बाजू, काही नाही. खिडकी, काही नाही. माझी खिडकी आहे ती, काही असणारच नाही. दोन्ही कुशी कोरड्या ठाक.

पुढच्या बाजूला, दाराच्या वर, अगदी कपाळावर सुवर्णाचा स्पंज फिरला आणि ती ओरडली, "अण्णा! बुडबुडे!"

चार जागी. चौकोनात. लहान मूल फुंकर घालतंय असे टपोरे बुडबुडे. नखाने खरवडलं तर पांढरा रंग निघाला, खाली पुट्टी, आणि पुट्टीखाली चार गोल भोकं.

मग आबा हळूच म्हणाले, "हितं तर क्लॅम्प हुता की."

"कसला क्लॅम्प?" मी.

"गुढीचा."

गाडी आली त्या वर्षीचा पाडवा. आत्यांचं म्हणणं, "माणसं झोपत्यात तितं. शेगडी हाय, दार हाय. मग घर न्हाय तर काय? घराला गुढी नको व्हय?" झालं. आबांनी ड्रिल मशीन आणली, चार स्क्रू मारून काठी धरायचा लोखंडी क्लॅम्प बसवला आणि गुढी उभारली. पुढे गाडी हलवताना क्लॅम्पला झाडांच्या फांद्या अडकायला लागल्या, म्हणून तो काढला. भोकांत पुट्टी भरली, वर रंग मारला. उन्हाने पुट्टी तडकली आणि पाण्याला चार दारं मिळाली.

"अहो, मी भोक पाडलं का म्हणून विचारलं होतं ना!" मी जवळजवळ किंचाळलो.

"पर ते भोक कुटं हाय?" आत्या मनापासून म्हणाल्या. "ती गुढी हाय."

कुणी खोटं बोललंच नव्हतं. गुढीचं भोक त्या घरात भोकात धरलेलंच नव्हतं.

सुवर्णा पायरीवर खाली बसली. हातातला स्पंज तसाच गळत होता. मला वाटलं आता सासऱ्यांवर भडकते. ती म्हणाली, "म्हणजे माझी गाडी चांगलीच होती." आणि रडायलाच लागली. "मला वाटायचं, मीच फसले. सगळं गाव तेच म्हणत होतं."

आबा केळीत निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी ग्राइंडर काढला, तर आबा आधीच शेजारी येऊन उभे. "काय धरू सांग," म्हणाले. एवढंच.

भोक बुजवायचं म्हणजे नुसतं भरायचं नसतं. भोकाभोवतीचं फायबर बशीसारखं उतरतं घासायचं. मग त्या बशीत मॅटचे तुकडे एकावर एक बसवायचे, रोलरने आतली हवा काढायची. म्हणजे नवं कापड जुन्याला धरतं, ठिगळ राहत नाही. रफू आणि ठिगळ यातला फरक विणकराच्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही. हे सगळं सकाळच्या गारव्यात, कारण आमच्याकडच्या उन्हात रेझिन डब्यातच दगड होतं. वरून जेलकोट, म्हणजे फायबरचा गुळगुळीत पांढरा थर, मग पॉलिश. आबा बोट फिरवत राहिले. त्यांना भोकं सापडेनात. मलाही सापडली नसती.

खरी मारामारी फळ्यांवरून झाली. कुजलेलं प्लायवुड कापून काढलं, तर आतली चौकट ओलीगच्च.

"झाक की आता, लई दिस झालं," आबा म्हणाले.

"ओलं झाकलं तर पुन्हा कुजणार. वाळू द्या."

दारं उघडून, पंखे लावून चौकट खडखडीत होईपर्यंत थांबलो. नवीन मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवुड घेतलं, चारही कडांना रेझिन पाजलं आणि मगच बसवलं. जोडीला पलंगाखाली एक तपासणीची झडप केली, झरोक्यावर नवीन झाकण बसवलं.

शेवटची परीक्षा आबांनी स्वतः मागून घेतली. आत सगळीकडे वर्तमानपत्रं अंथरली, बॅटरी घेऊन ते आत बसले, दार लावून घेतलं. मी छतावर पाइप सोडला, पुढून, मागून, मन भरेपर्यंत. सुवर्णा दाराशी नखं खात उभी. शेवटी दार उघडलं. आबा घामाने निथळत बाहेर आले आणि पलंगाखालचा कागद त्यांनी सुनेच्या हातात दिला. कोरडा, कुरकुरीत.

"पावन्याला पत्र्याची केबिन घिऊन देतो," ते म्हणाले. "घरात कोन मोटार ठेवतंय व्हय?"

घर म्हणाले ते. खेळणं नव्हे. सुवर्णा तो कागद घडी घालत राहिली. मी मान वर करून छताकडे बघितलं, कारण अशा वेळी कुठं बघायचं मला कळत नाही.

निघण्याआधी मी एक काम कुणी न सांगता केलं. गाडी जोडायचा जो पुढचा लोखंडी सांगाडा असतो, त्याला फायबरचं एक जाड नळकांडं बसवलं. कळकाची काठी बरोबर मावेल एवढं. गाडीच्या अंगाला हातही लावलेला नाही. नळकांड्याच्या बुडाला मात्र एक भोक ठेवलंय, पाणी निघून जायला.

थंडीत पाहुणे आले, राहिले, गादी कोरडी राहिली. पाडव्याला सुवर्णाने फोटो पाठवला. अंड्यापुढे गुढी, गुढीशेजारी नवा फेटा बांधलेले आबा, मागे पाण्यात गुलाबी ठिपके. मी तो शेडमध्ये येईल त्याला दाखवतो. न विचारता दाखवतो.

आणि गिऱ्हाईकाला विचारायचा प्रश्न मी बदललाय. कुठं भोक पाडलंय का, असं आता विचारत नाही. गाडी घेतल्यापासून काय काय सण केलेत, ते आधी विचारतो.