डॉक्टरांचं जस्त

दवाखान्यातले किस्से मिक्श्चरच्या बाटलीतल्या गाळासारखे असतात. वर्षानुवर्षं तळाशी बसून राहतात आणि कुणी बाटली हलवली की सगळे एकदम वर येतात. मी जळगावात एका डॉक्टरांकडे बरीच वर्षं कंपाउंडर होतो, त्यामुळे माझ्याकडे गाळ जरा जास्तच आहे.

तेव्हा साखर रेशनवर होती, आमच्या पेशंटांच्या लघवीत मात्र मुबलक! दर सोमवारी सकाळी ही मंडळी आपापली बाटली घेऊन यायची. मी परीक्षानळीत निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचो. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. रंग पाहायला सगळे माझ्याभोवती असे जमायचे, जसा काही मॅट्रिकचा निकालच लागतोय.

*

एकदा आमचे डॉक्टर धुळ्याला डॉक्टर लोकांच्या बैठकीला गेले आणि तिथून जस्ताचं खूळ घेऊन आले. आहारात पुरेसं जस्त असलं की मधुमेह आणि हृदयविकार, दोन्हींचा धोका बहुधा कमी होतो, असं तिथे कुणीतरी म्हणालं होतं. आमच्या डॉक्टरांना ते पटलं. बाकीचे हसले, म्हणून जास्तच पटलं.

तीळ, शेंगदाणे, हरभरे, लाल भोपळ्याच्या बिया खा, असं ते प्रत्येकाला सांगू लागले. 'बहुधा' हा शब्दही न चुकता उच्चारायचे, पण पेशंट पायऱ्या उतरेपर्यंत तो गळून पडायचा.

*

सगळ्यात आज्ञाधारक निघाले झुंबरलाल शेठ. कापडाचं दुकान, गोड जीभ आणि त्याहून गोड लघवी. पंधरा दिवस त्यांनी रोज तीळ खाल्ले आणि सोमवारी नळी अशी लाल झाली की मीच दचकलो.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की शेठ तिळाचे लाडू खात होते, रोज चार.

"डॉक्टरसाहेब, खात तर मी तीळच होतो," शेठ म्हणाले. "गूळ फक्त चिकटायला."

*

रिटायर्ड हेडमास्तर मात्र वाचून, विचार करून वागणारे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं, तर जस्ताच्या भांड्यातलं ताक का नको? त्यांनी नवीकोरी जस्ती बादली आणली आणि दिवसभर तीत आंबट ताक ठेवलं. संध्याकाळी घरातली सहा माणसं ओळीनं ओकत होती.

डॉक्टर धावत गेले, सगळ्यांना सावरलं आणि मग मास्तरांवर बरसले. आंबट पदार्थानं बादलीचं जस्त ताकात उतरतं आणि ते पोटाला विष, हे त्यांनी फोड करून सांगितलं.

मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे उतरलं होतं तर!"

*

असोद्याच्या तोताराम आबांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. केळीचा मळा, खायला कायम पुढे, साखर भरपूर, आणि हृदयाचा एक झटका येऊन गेलेला. दुसरा आला तर असोद्याहून दवाखान्यापर्यंत पोचणार नाहीत, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, अक्कांना, स्पष्ट सांगितलं होतं. आणि मग अर्धा तास जस्ताचं महत्त्व समजावलं.

अक्कांनी शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मले भाषन नको भाऊ, मले मानूस पाहिजे." त्यांचे डोळे भरले होते. मलाही वाईट वाटलं. मी त्यांना भोपळ्याच्या बियांची पुडी दिली. तिथून त्या बाजारात गेल्या आणि बसच्या वेळेला पिशवीत भलंमोठं पितळी कुलूप घेऊन परतल्या. केळीच्या गोदामासाठी असेल, असं मला वाटलं.

दोन महिन्यांत आबांची नळी हिरवी झाली, मग निळी. तीन सोमवार निळीच. पोट उतरलं, जिना चढताना लागणारी धाप गेली. डॉक्टर हरखून गेले. हसणाऱ्यांना आता दाखवतोच म्हणाले. धुळ्याच्या पुढच्या बैठकीला त्यांनी आबांना, अक्कांना आणि नळ्यांसकट मलाही नेलं.

डॉक्टर जस्तावर तासभर बोलले. मग सगळ्यांसमोर मी नळी उकळली. निळीशार! टाळ्या पडल्या. डॉक्टरांच्या हसणाऱ्या मित्रांनीसुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात अध्यक्षांनी आबांना विचारलं, रोज किती बिया खाता?

"बिया?" आबा म्हणाले. "त्या म्हशीले घातल्या." मग त्यांनी अक्कांच्या कमरेच्या किल्लीकडे बोट दाखवलं. "हिनं सैपाकघराले कुलूप लावलं ना साहेब. दोन टाइम एकेक भाकर देते, अन् किल्ली कमरेले."

परत येताना डॉक्टर गाडीत सारखे अक्कांच्या किल्लीकडे पाहत होते.

सोमवारी पहिला नंबर झुंबरलाल शेठचा होता. डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं नाही, जिभेकडे पाहिलं नाही. चष्मा पुसत विचारलं,

"शेठ, घरी कुलूप आहे?"