हळद प्यालेला ट्रक

अख्ख्या कल्याण पूर्वेत इंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. आजपर्यंत सांगितलेला एकही रोग खरा निघालेला नाही, ती गोष्ट वेगळी.

ट्रक माझ्या वडलांचा, अण्णांचा. वयाने माझ्यापेक्षा थोडा लहान, अकलेने मोठा. उल्हासनगरला फर्निचर भरायचं आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांत नेऊन उतरवायचं, हा आमचा धंदा. पण ट्रकची खरी इज्जत धंद्यात नव्हती. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक निघते, तेव्हा तसबीर आणि बुद्धमूर्ती आमच्याच ट्रकवर ठेवतात. हा मान अण्णांनी तरुणपणापासून सांभाळला. गाडी एकदाही मध्येच बंद पडली नाही. मग अण्णांना मोतीबिंदू झाला, स्टिअरिंग माझ्याकडे आलं, आणि स्टिअरिंगबरोबर माजही आला.

एकदा अण्णा बॉनेट उघडून आत काहीतरी चाचपत होते. मला बघून "अरे, हे जरा..." एवढंच बोलले, तेवढ्यात मी चार माणसांसमोर बोललो, "अण्णा, तुम्हाला आता दिसत नाय. गाडीला हात लावू नका, काहीतरी तोडून ठेवाल." अण्णांनी गपचूप बॉनेट लावलं, लुंगीला हात पुसले आणि घरात गेले. (हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

मार्चमध्ये त्यांना ऑपरेशनला ठाण्याला नेलं. डोळ्यांचा दवाखाना नौपाड्यात, आणि माझी बहीण खोपटला एसटी डेपोच्या मागे राहते. म्हणून दोन्ही डोळे होईपर्यंत मुक्काम तिच्याकडे. निघताना अण्णा बोलले, "यंदाची मिरवणूक नीट बघायची. क्लीनरच्या सीटवर बसून." मागची दोन-तीन वर्षं त्यांना मिरवणुकीत नुसतं पांढरं पांढरं हलताना दिसायचं, माणसं दिसायची नाहीत. रिक्षात बसता बसता आणखी एक बोलले, "गाडीचं पाणी बघत जा रे."

मी बोललो, हो हो. आणि खरंच, पुढचा महिनाभर मी दुसरं काही बघितलंच नाही.

कारण अण्णा ठाण्याला गेले आणि ट्रक बिनसला. पत्री पुलाचा चढ आला की अडखळायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला तर लगेच पळायचं सोडून विचार करायचा. मुलगी बघायला गेलेला मुलगा हो बोलायच्या आधी आईकडे बघतो ना, तसा! मागचे रिक्षावाले हॉर्न मारून माझ्या खानदानाची चौकशी करायचे. आणि दुसरी भानगड म्हणजे रेडिएटरमधलं पाणी गायब व्हायचं. सकाळी काठोकाठ भरावं, संध्याकाळी बघावं तर निम्मं. खाली जमिनीवर एक थेंब नाही. पाईप कोरडे, जोड कोरडे. मी ट्रकखाली झोपून इतक्या वेळा बघितलं की गल्लीतली कुत्री मला त्यांच्यातलाच समजायला लागली.

बायको, सुनीता, बोलली की नाक्यावर सलीमभाईचं गॅरेज आहे, तिथे दाखवा. मी बोललो, डॉक्टरच्या घरात दुसरा डॉक्टर कशाला?

मी निदान केलं. दोन रोग, दोन कारणं. अडखळणं म्हणजे डिझेलमध्ये कचरा. फिल्टर बदलला, गाडी अडखळली. परत बदलला, परत अडखळली. पेट्रोल पंपावर जाऊन भांडलो. तिथला माणूस शांतपणे बोलला की याच टाकीतलं डिझेल सगळ्यांना देतो, अडखळत येणारे तुम्ही एकटेच.

एका सकाळी गाडी चालू केली तर सायलेन्सरमधून ढगासारखा पांढरा धूर. सुनीता दारात तांदूळ निवडत होती. बोलली, "अहो, हा धूर नाय वाटत. कुकरची शिट्टी झाल्यावर येते तशी वाफ आहे." मी तिला समजावलं की थंडीत माणसाच्या तोंडातून वाफ येते, तशीच गाडीच्या पण येते. तिने नुसता पदराने घाम पुसला. एप्रिल लागला होता.

राहिलं पाणी. पाणी सांडत नाही, तरी कमी होतं, म्हणजे कोणीतरी चोरतंय. (बघा डोकं!) त्यात मी महागातलं हिरवं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं औषध, घातलेलं. संशय सरळ राजूवर, म्हणजे सुनीताच्या भावावर, कारण त्याची रिक्षा ट्रकला चिकटून उभी असते. मी त्याला सकाळी नळावर, सगळ्या बायकांच्या समोर पकडलं आणि विचारलं की माझं कुलंट काढून स्वतःच्या रिक्षात का घालतोस.

राजूने तोंडातला ब्रश काढला. "दाजी, माझ्या रिक्षाला रेडिएटरच नाय. घालू कुठे?"

नळावरची अख्खी लाईन हसली. मी हार मानणारा नाही. बोललो, मग विकत असशील! त्या दिवसापासून राजू आमच्याकडे चहाला यायचा बंद झाला, आणि सुनीता माझ्याशी फक्त "वाढू का" एवढंच बोलायला लागली.

चोर नाही, तर मग नजर. आता आमच्या घरात लिंबू फक्त जेवणात चालतं. गाडीला बांधायचं वगैरे आमच्यात आजोबांच्या वेळेपासून बंद. तरी मी लाज सोडून लिंबू-मिरची आणली आणि कोणाला दिसू नये म्हणून बंपरच्या मागे बांधली. दुपारी जेवायला बसलो. बोंबलांवर लिंबू पिळलेलं होतं, बाजूला तळलेल्या मिरच्या. जेवून बंपरच्या मागे बघितलं, तर नुसता दोरा लटकत होता.

शेवटी माजिवड्याच्या सिग्नलला बाजूच्या ट्रकवाल्याने इलाज सांगितला. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक, बारीक भोक असेल तर बुजतं. मी विचार केला, गाडी जुनी, भोक मोठं असणार. चमचा काय कामाचा! सुनीताने वर्षाची हळद दळून ठेवलेली. तो डबाच रिकामा केला.

आणि काय सांगू, पाणी टिकलं! पुढचे दोन दिवस गाडी वस्तीतल्या वस्तीतच फिरली, ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही. मी तर खोपटला फोन लावला, "अण्णा, गाडी एकदम टकाटक." अण्णांनी विचारलं, पाणी? मी बोललो, एक थेंब कमी नाय. मग बोलले, "आपोआप बरं झालं? कसं काय?"

जयंतीच्या दिवशी अण्णा आले. पांढरा सदरा, काळा चष्मा. चढून क्लीनरच्या सीटवर बसले. मागे फुलांत तसबीर आणि मूर्ती, पुढे लेझीमवाल्या बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. ऊन डोक्यावर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चालीला मुंगी बरी. अण्णा खिडकीतून एकेक माणूस ओळखत होते. "ती तारा ना? केवढी म्हातारी झाली रे." लहान पोराला जत्रेत आणल्यासारखा त्यांचा चेहरा झालेला. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी नवे डोळे आत वळवले.

"हा गरमीचा काटा कुठे चाललाय?"

मी बोललो, तो काटा कधीचा खराब आहे, त्याच्याकडे बघू नका. (अख्ख्या गाडीत खरं बोलणारा तो एकटाच होता.)

मग बॉनेटखाली फाट्कन आवाज झाला आणि पिवळं कारंजं उडालं! बायका लांब होत्या म्हणून कोणाला भाजलं नाही, पण वाऱ्याने शिंतोडे बरोबर नेले. लेझीम थांबली, बँड थांबला, गाडी तर कधीच थांबलेली. मिरवणूक जयंतीची, आणि पुढची रांग बघावी तर लग्नाची हळद खेळून आलेली. सगळ्या रस्त्याला वरणाचा वास.

नाक्यावरून सलीमभाई आला. गार होईपर्यंत थांबला, झाकण काढलं, आत बोट घालून पिवळा गाळ बाहेर काढला आणि मला विचारलं, ही गाडी आहे का बटाटावडा? मग सांगितलं की हेडचं गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचं पॅकिंग, गेलंय. पाणी बाहेर सांडतच नव्हतं, इंजिनाच्या आत जाऊन जळत होतं. म्हणून वाफ, म्हणून झटके. सगळा एकच रोग. हळदीने फक्त रेडिएटर बुजला. वर बोलला, हे आजचं नाय, पाच-सहा महिन्यांचं असणार.

मी बोललो, शक्यच नाय. अण्णा ठाण्याला गेले तेव्हापासून पाणी कमी व्हायला लागलं.

"मी रोज पहाटे घालायचो," अण्णा बोलले.

सलीमभाई फडक्याला बोट पुसायला लागला. अण्णाच पुढे बोलले, "तू बोललास हात लावू नको. हात नाय लावला. नुसतं पाणी घातलं. त्या दिवशी पाणी कमी होतंय, तेच सांगायला बॉनेट उघडलेलं."

राजूने कुठूनतरी दोरखंड आणला. (माझ्याकडे बघितलं नाही, पण आणला.) बंपरला बांधला आणि वस्तीने ट्रक ओढत मिरवणूक पुरी केली. अण्णा खाली उतरले, काळ्या चष्म्यासकट दोर धरून चालायला लागले. मी किती वेळा बोललो, वर बसा, ऊन आहे. ऐकलं नाही. केबिनमध्ये मी एकटा, बाजूची सीट रिकामी. ज्या सीटवरून त्यांना मिरवणूक बघायची होती, त्या सीटच्या बाजूला बसून मला सगळं अगदी साफ दिसत होतं. पिवळे ठिपके पडलेल्या साड्या, राजूची पाठ, आणि अण्णांची घामाने भिजलेली मान.

घरी आलो. अण्णांना पाणी दिलं आणि बोललो, "अण्णा, चुकलं माझं. मला दिसलंच नाय."

अण्णा पाणी प्याले. भांडं खाली ठेवलं. रिकामा हळदीचा डबा घासत बसलेली सुनीता बोलली, "डोळ्यांच्या दवाखान्यात आपण चुकीचा माणूस पाठवला."