फुगत जाणारा गोल

धक्क्यावर त्याला सगळे वर्तुळ्या म्हणत. तीस वर्षं लाँच चालवणारा हा गडी नकाशावर आपली जागा नुसत्या ठिपक्याने कधी दाखवायचा नाही. कंपासने गोल काढायचा आणि म्हणायचा, "या गोलात कुठेतरी आहोत." चहावर बाकीचे टोमणे मारत, "काय रे, बायकोने फोनवर कुठे आहात विचारलं तरी हेच सांगतोस होय?"

त्या सकाळी त्याच्या दोन नाती लाँचवर होत्या. धुकं असं दाटलं, की लाँचचं पुढचं टोक दिसेना. त्यातच जागा दाखवणारं यंत्र बंद पडलं. मागे मोठ्या जहाजांची वाट, पुढे पाण्यात बुडालेले खडक. आपली भीती पोरींना कळू नये म्हणून वर्तुळ्या बोलत सुटला.

"किती वेळ, किती वेगाने आलो ते ठाऊक आहे, म्हणून ठिपका काढता येतो. पण पाण्याने आपल्याला किती ढकललं? ते कुठं ठाऊक आहे? तेवढी चूक धरून हा गोल."

"केवढी चूक?" थोरलीने विचारलं.

"दहा मिनिटांना नकाशावर बोटभर. वीस मिनिटांना दोन बोटं."

"म्हणजे हा फुगतच जाणार?"

"ओळखीची खूण दिसेपर्यंत."

त्याने तिसरा गोल काढला. धाकटीने नकाशावर नाक टेकवलं. "आबा, मागची कड अजून जहाजांच्या वाटेत आहे. आणि पुढची खडकाला लागली!"

ठिपका मात्र खडकापासून चांगलाच लांब होता. तेवढ्यात मागून भोंगा वाजला, अगदी कानाशी. वर्तुळ्याचा हात आपसूक इंजिनाच्या दांड्याकडे गेला. जरासं पुढे सरकलं तर काय बिघडतंय? ठिपका तर मोकळ्या पाण्यात आहे!

पण त्याची नजर खडकाला लागलेल्या कडेवर गेली. त्याने इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. "जागेवर थांबलं की गोल फुगायचा थांबतो," तो म्हणाला. "घंटा बडवा. जोरात!"

पोरी जीव खाऊन घंटा बडवू लागल्या. मागून जहाजाची काळीकभिन्न भिंत सरकत गेली. लाटांनी लाँच उचलून आपटली, नांगराचा दोर करकरला. भिंत गेली आणि पुढून आवाज आला. दगडावर पाणी फुटत होतं. अगदी जवळ, पंधरा-वीस हातांवर.

"आबा," थोरली हळूच म्हणाली, "आपण गोलाच्या पार कडेलाच होतो की, ठिपक्यावर नव्हतोच."

नांगर घट्ट रुतला होता, तरी वर्तुळ्याने दोर दोन्ही हातांनी आवळून धरला.