काट्यावरची हाक

मोडनिंबजवळ मळीचा टँकर पुढे गेला, की त्या आंबूस वासासरशी मला एका साखर कारखान्याचं काटाघर आठवतं. उसाच्या गाड्यांचं वजन नोंदवणारा तिथला संगणक पार थकला होता. त्याची जशीच्या तशी प्रत नव्या सर्व्हरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवायला मी सोलापुरातून गेलो होतो. जुन्या डब्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून चिकटलेलं होतं. नवरा वारल्यावर त्याच्याच जागी काट्यावर लागलेल्या बाई शेजारी चहा घेत बसल्या होत्या. मी लॅपटॉपवरून नव्या मशीनची सेटिंग्ज भरत गेलो, नाव, मेमरी, घड्याळ. आवाजाच्या चौकटीतही सहज टिक केली आणि मशीन चालू केलं. माझ्या लॅपटॉपमधून एक मोकळा पुरुषी आवाज आला, “चला, पहिली गाडी घ्या की काट्यावर!” बाईंचा चहा बशीत सांडला. “आमच्या मालकांचाच आवाज हाय, त्येनीच भरून ठिवलेला,” त्या म्हणाल्या. “पाळीला संगणक लावला की भोंग्यातनं गाडीवाल्यांना ही हाक जायची. भोंगा जळाला, मला वाटलं आवाज बी गेला.” बाहेर ट्रॅक्टर घरघरत उभे होते. “काढून टाकू का?” मी विचारलं. “न्हाय, पुसू नका. फकस्त मला ऐकू येऊ देऊ नका.” मी टिक काढली, आवाज आत तसाच ठेवला. आजही कुठलं मशीन उभं करताना त्या चौकटीपाशी माझा हात थबकतो. तिकडे पाळीला मशीन लावलं की तो आत हाक मारत असेल, आणि बाई त्याच्याच खुर्चीत बसून पहिली गाडी काट्यावर घेत असतील.