गोचिडींची डबी

तापीच्या दोन्ही काठांवर आमच्या समोरच्या शेठजींइतका दयाळू माणूस झाला नाही, आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना त्या दयेइतकं महाग दुसरं काही पडलं नाही. प्रकाशा गावच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान. घराणं मूळ मारवाडचं, धर्म जैन, बोलणं मात्र तीन पिढ्यांत अस्सल अहिराणी झालेलं. एकदा मिरचीच्या पोत्याखाली विंचू निघाला. नोकर जोडा घेऊन धावला. शेठजींनी विंचवावर वाटी पालथी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि गिऱ्हाईक तसंच टाकून, नावेत बसून, त्याला पलीकडच्या काठावर सोडायला निघाले. नावाड्यानं विचारलं, "शेठ, हाऊ बी उतारू शे का?" शेठजी म्हणाले, "शे ना. तेले जरा सावलीमा बसाड."

रोज सकाळी देवदर्शन आटोपलं की ते ओट्यावर बसत आणि गल्लीतली कुत्री त्यांच्यापुढे येऊन आडवी होत. तिळाच्या तेलात बोटं बुडवून शेठजी एकेक गोचीड हळूच सोडवत. कुत्र्याला दुखू नये आणि गोचिडीलाही लागू नये इतक्या हळूच. पितळेच्या डबीत त्यांनी ओलं गवत घातलेलं असे. डबी भरली की ती मागच्या दगडी भिंतीपाशी रिकामी व्हायची. माझे वडील ओरडत, "शेठ, राकेलमा टाका ना त्या!" शेठजी कान झाकून घेत. "बापू, जीव शे त्यास्ना बी. तठे सावली शे, गारवा शे. कोठे जातीन बिचाऱ्या?" त्या कुठेच जात नव्हत्या. त्याच भिंतीच्या सावलीत दुपारभर कुत्री झोपत. दुसऱ्या सकाळी शेठजी नव्यानं हळहळत, "औंदा गोचिडी भलत्या वाढन्यात!"

त्यांची सगळ्यात लाडकी कुत्री काबरी. सरकारी ढोरडॉक्टर गुरांना बुळकांडीच्या साथीची लस टोचायला आला, तेव्हा शेठजी तिला घेऊन बैलांच्या रांगेत उभे राहिले. "बैलस्ले टोचतस, मंग हिना काय गुन्हा शे?" डॉक्टर हसला. "शेठ, ही लस हिच्या कामाची नाही. हिला गोचिडींपासून जपा, त्यांच्यामुळे ताप येतो." शेठजींनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून डबी दोन वेळा भरू लागली.

मी हे सारं खिडकीतून पाहत असे. पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते आणि बक्षीस मिळालेलं कुत्री पाळण्याचं एक पुस्तक माझ्याजवळ होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: खाली पडलेली गोचीड भिंतीच्या फटीत महिनोन् महिने जगते आणि दुसऱ्या कुत्र्यावर चढताना ताप घेऊन जाते. चार दिवस मनात वाक्य जुळवून मी पुस्तक घेऊन समोर गेले.

"इंग्रजीमा कुत्रास्वर बी पुस्तक शे?" शेठजींनी बसायला पाट दिला. "वाच बेटा, वाची दखाड." कुत्री भोवती पसरली होती, डबी त्यांच्या मांडीवर होती. ते इतक्या आनंदानं ऐकायला बसले की माझा धीर सुटला. मी दोन पानं उलटली आणि आंघोळ कशी घालावी ते वाचून, अर्थ सांगून परत आले. पुढचा आठवडाभर शेठजी पुस्तकाबरहुकूम कुत्र्यांना न्हाऊ घालत होते.

ज्येष्ठात काबरीनं भाकरी टाकली. अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळपट झाली. तिसऱ्या दिवशी ती गेली. शेठजी आमच्या दारात आले. उंबऱ्याशीच थांबले. मग म्हणाले, "बेटा, मी कोठे चुकनू? तुन्हा पुस्तकमा काही लिखेल शे का?"

मी म्हटलं, "नाही, शेठजी."

त्यांना दुखवू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. सुट्टी संपून मी निघाले त्या सकाळीही ते ओट्यावर बसून डबी भरत होते, आणि टांग्याकडे पाहून त्यांनी तेलकट हात वर केला. आता वाटतं, मी त्यांना फार लहान समजले. त्या गोचिडींना मारा असं त्यांना सांगावंच लागलं नसतं. नुसतं "लांब सोडा" म्हटलं असतं, तरी पुरे होतं. विंचवासाठी तापी ओलांडणारा माणूस काबरीसाठी रोज ओलांडून गेला असता.