सातवा बार

महादू गेला त्याला आता दीड महिना होईल. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, मंडळी लिंबाच्या सावलीत बसली आणि श्रद्धांजलीची भाषणं झाली. एक जाणते गृहस्थ म्हणाले, "महादेवराव तरणेपणी एकदा मोजायला चुकले, त्यात कान गेले. पण पुढं उभ्या जन्मात त्यांचा अंदाज कधी चुकला नाही." माणसांनी माना हलवल्या. मी पहिल्याच रांगेत होतो. मीही मान हलवली... तेव्हापासून मला स्वस्थता नाही. महादू मोजायला चुकला नव्हता. मी चुकलो होतो.

आमचं गाव ईट, भूम तालुक्यातलं. वर हातभर माती, खाली काळा कातळ आणि समोर डोंगर. आम्ही दोघं विशीत असताना आमच्या शेतात विहीर खणणं चाललं होतं आणि शेजारचा महादू कामाला होता. कातळात पहारीनं भोकं पाडायची, दारू भरायची, वाती पेटवून वर पळायचं आणि बार मोजायचे. भोकं सात तर बार सात. सातवा झाल्याशिवाय विहिरीत कुणी पाय घालायचा नाही. मोजणारा एकच असायचा, काठावर उभा, आणि त्याचा आकडा अखेरचा. त्या दिवशी काठावर मी होतो. सहावा बार उडाला, त्याचा आवाज डोंगरावर आदळून परत आला आणि तो पडसाद मी सातवा म्हणून मोजला. "झाले सात, उतर," मी म्हणालो. महादूनं सहा बोटं वर केली. "सहाच झाले की रं, वसंता." पाणी लागायच्या बेतात होतं, मला घाई झाली होती. "भ्यालास व्हय? बांगड्या भर मग," मी म्हणालो. तो हसला आणि शिडीला लागला. चार पायऱ्या उतरला असेल, तोच सातवा उडाला.

जीव वाचला. डावा कान कायमचा गेला, उजवा निम्मा राहिला आणि डोक्यात एक किर्र आवाज सुरू झाला, तो पुढं पन्नास वर्षं थांबला नाही. माझे वडील धावत आले, "मोजत कोण हुतं?" म्हणाले. महादूला काहीच ऐकू येत नव्हतं, कानातून रक्त ओघळत होतं. पण वडिलांच्या तोंडाकडं बघूनच त्याला प्रश्न कळला असावा. "म्याच मोजले," तो म्हणाला. "डोंगरानं एक जास्तीचा दिला." मी गप्प राहिलो. पहिल्या दिवशी राहिलो म्हणून दुसऱ्या दिवशी राहणं सोपं गेलं. पुढं मी शिक्षक झालो. तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले...

डोक्यातल्या त्या आवाजाला महादू 'रातकिडा' म्हणायचा. "आज रातकिडा लई तापलाय," एवढंच सांगायचा, कुरकुर नाही. तुम्हाआम्हाला शांतता हवी असते, त्याला ती सोसायची नाही. भोवती शांत झालं की किडा मोठा व्हायचा. म्हणून तो विहिरीवरच्या चालत्या मोटारीजवळ, पडत्या पाण्याजवळ बसायचा. ज्या माणसाला पन्नास वर्षांत एक क्षण निवांत मिळाला नाही, त्याच्या बोलण्यात चीड कशी नव्हती, हे मला आजही उमगत नाही. लोक त्याच्याशी ओरडून बोलायचे, तर म्हणायचा, "बोंबलू नको, तोंड दाखव." ओठांवरून शब्द उचलायचा. मला एकदा भर बाजारात म्हणाला, "गुरुजी, मिशी कापा, शब्द अडकत्यात." करोनात सगळ्यांनी तोंडं बांधली तेव्हा म्हणाला, "आता अख्खं गाव मुकं झालं, मी एकटाच बोलतोय." लेकीनं उतारवयात बार्शीहून ऐकायचं मशीन आणून दिलं. "माणसं जरा जवळ आली, किडा जरा लांब गेला," म्हणाला, आणि तेवढ्यावर खूश होता.

पण मी थक्क व्हायचो ते त्याच्या काठीपुढं. बाभळीची, हातभर लांब, गुळगुळीत झालेली. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा त्याचा धंदा, आणि तोही बहिऱ्या माणसाचा! काठीचं एक टोक चालत्या मोटारीवर टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. जे कानातून येत नव्हतं ते दातांतून हाडांत जायचं. "मागचं बेअरिंग घासतंय. अजून आठ दिवस काढंल." खोलून बघावं तर तसंच. बोअरच्या पाइपाला काठी लावून खाली किती पाणी उरलंय तेही सांगायचा. धडधाकट कानांचे मिस्त्री त्याला बोलवून न्यायचे. आमच्या त्या विहिरीवरही तो यायचा, दर उन्हाळ्यात, न बोलावता. काठावर बसायचा तेव्हा मला खाली बघवत नसे. तो मात्र निवांत वाकून बघायचा.

आता दुसरी चूक सांगतो, ती पहिलीपेक्षा वाईट. महादूबरोबर चालताना सगळे त्याच्या उजवीकडनं चालायचे. मी डावीकडनं. त्या मेलेल्या कानाशी मी कितीतरी वेळा पुटपुटलो, "सहाच झाले होते रे, चुकी माझी होती." सांगितल्याचं समाधान मला हवं होतं, ऐकलं जाण्याची भीतीही तेवढीच होती.

शेवटची भेट आमच्या विहिरीवरच झाली. महादू थकला होता. बोलता बोलता त्यानं काठीचं टोक माझ्या छातीवर टेकवलं आणि म्हणाला, "लई वर्षं डाव्या अंगानं कायतरी पुटपुटतुयास. आज हितनं सांग." काठी दातांत धरली, डोळे मिटले. माझं काळीज त्या काठीतून त्याला ऐकू जात असणार... मी म्हणालो, "मोटार कुरकुर करतीय." त्यानं डोळे उघडले. काठी मोटारीला लावली, दातांत धरली, काढली. "मोटारीला काय झालं न्हाय," म्हणाला. "कुरकुर दुसरीकडं हाय." तरी तिचे नटबोल्ट आवळले, हात पुसले आणि गेला. त्यानंतर पंधरा दिवसांत तो गेला.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याच्या घरी जाऊन इंदूवहिनींना वाचून दाखवला. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. पूर्ण ऐकलं, हात थांबवले नाहीत. मग म्हणाल्या, "मला पैल्यापासून ठावं हाय, भाऊजी. लगीन झालं त्याच वर्षी सांगितलं हुतं त्यांनी." मी विचारलं, रागावला होता का. "राग न्हाय कधी धरला. वाट बघायचे." पुढची शेंग फोडत त्या म्हणाल्या, "एक चुकलंय तुमचं. चार पायऱ्या न्हाय उतरले ते. तीन. कायम तीनच सांगायचे."

मग उठून त्यांनी खुंटीवरची काठी काढून माझ्या हातात दिली. तिच्या टोकाला महादूच्या दातांच्या खाचा आहेत. घरी आल्यावर मी ती मोटारीला लावून पाहिली, पण त्या खाचांत माझी कवळी बसत नाही, काही ऐकू येत नाही. तरी रोज मोटार चालू केली की मी ती लावून बसतो.

वर चार पायऱ्या लिहिल्या आहेत, त्या मी मुद्दाम खोडल्या नाहीत. वाचकांनी तिथं तीन वाचावं. आता आकडा महादूचा अखेरचा.