मागच्या गल्लीतल्या मॅडम

चाळिशी ओलांडल्यावर मी ऑनलाइन एम.ए.ला प्रवेश घेतला. विषय अर्थशास्त्र. अंबरनाथच्या कंपनीत खरेदी विभागात नोकरी, त्यामुळे कॉलेजात जाऊन बसणं शक्यच नव्हतं. विद्यापीठ लांबचं. थेट तास रविवारी सकाळी असे आणि शिकवणाऱ्या मॅडम स्क्रीनच्या कोपऱ्यात छोट्याशा चौकटीत दिसायच्या. त्या राहतात कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

एका रविवारी त्या मागणी आणि किंमत समजावत असताना माझ्या कानात इडलीवाल्याचा भोंगा वाजला. मांजर्लीला आमच्या गल्लीत येणारा इडलीवाला मी डोळे मिटून ओळखते. त्याचा भोंगा फाटलाय, आधी खरखरतो आणि मग कसाबसा वाजतो. मी हेडफोन काढून ताट घेऊन गॅलरीत गेले. गल्ली रिकामी. परत येऊन बसले, तर तास संपता संपता तो खरोखरच खाली आला.

पुढच्या रविवारीही तसंच झालं, तेव्हा मी त्याला विचारलं की आधी कुठे होतास. तो म्हणाला, मागच्या गल्लीत. तिथे तळमजल्यावर एक मॅडम कंप्युटरसमोर बसून शिकवत असतात, खिडकीतून नुसती खूण करतात, मी इडल्या डब्यात ठेवून निघतो.

नवऱ्याचं म्हणणं पडलं, कशाला उगाच, त्यांना आवडायचं नाही. पण मला राहवेना. पुढच्या तासाला मी फक्त त्यांनाच दिसेल असा मेसेज टाकला: "मॅडम, आत्ता तुमच्याकडे इडलीवाला आला होता ना? आता तो माझ्याकडे येतोय."

मॅडम बोलता बोलता थांबल्या आणि पुढचं वाक्यच विसरल्या. तास संपल्यावर त्यांचा फोन आला. संध्याकाळी मी त्यांच्या घरी चहा पीत होते.

चौकटीतल्या मॅडम प्रत्यक्षात चांगल्याच उंच निघाल्या. त्यांनी सांगितलं की विद्यापीठ यंदाचे तास रेकॉर्ड करून घेतंय आणि पुढच्या वर्षीपासून तेच दाखवणार आहे. शंका आल्या तर आधी कंप्युटरच उत्तर देईल. त्याला जमलं नाही, तरच मॅडम.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "जास्त कळतं कशातून? थेट तासातून की रेकॉर्डिंगमधून?"

मी खरं ते सांगितलं. रेकॉर्डिंगमधून. तास झाला की ते आम्हाला मिळतंच, पोळ्या करताना लावते, अडलं की थांबवते, मागे नेते. थेट तासात तुम्हाला थांबवायचा संकोच वाटतो.

त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती. त्या उलट खुर्ची पुढे ओढून बसल्या. "नेमकं कुठे थांबवता?"

ते मला काही केल्या आठवेना. मग त्यांनीच सुचवलं, आपण एकत्र बसून बघू. वर्गात विचारल्यावर जवळपासच्या आणखी दोघी निघाल्या: कुळगावची एक बँकेत काम करणारी मुलगी आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये नवऱ्याबरोबर जीन्सचा कारखाना चालवणारी एक सिंधी बाई. एका रविवारी दुपारी मॅडमच्या हॉलमध्ये टीव्हीवर त्यांचाच तास लावला. अट एकच होती, जिला अडेल तिने थांबवायचं.

मॅडमना जे अवघड वाटत होतं, ते आम्ही सहज ओलांडून गेलो. पण टीव्हीतल्या मॅडम "हे तर उघडच आहे" म्हणाल्या की तिघींपैकी कुणीतरी थांबवायचंच. पुन्हा पुन्हा तसंच होऊ लागलं, तेव्हा मॅडमच्याही ते लक्षात आलं.

"इतकी वर्षं वर्गात हेच वाक्य म्हणतेय," त्या म्हणाल्या. "कुणी थांबवलंच नाही."

मग जीन्सच्या भावावरून कारखानेवाल्या बाईंनी एक शंका काढली आणि त्यावर अर्धं हिंदी, अर्धं मराठी असा आमचा वाद इतका रंगला की तास अर्धवटच राहिला.

मॅडमनी तेवढे भाग पुन्हा रेकॉर्ड केले. पुढच्या वर्षी त्यांना काम किती उरेल, हे अजून ठरलेलं नाही. मुलं तास कुठे कुठे थांबवतात ते आपल्याला कळेल का, असं मात्र त्यांनी विद्यापीठाला विचारून ठेवलंय. आम्ही तिघी आता बाकीच्या विषयांचे तासही त्यांच्याकडेच बघतो. संख्याशास्त्राच्या तासाला सगळ्यात जास्त शंका मॅडमनाच येतात.